फ्रेमवाले केकू गांधी

होटगीतल्या जुन्या घरांत भिंतीवर तसबिरी असायच्याच. सिद्धरामेश्वर, विठोबा-रखुमाई, मठाचे स्वामी आणि हार घातलेले आजोबा. फोटो सोलापुरातून मढवून आणायचा, ही आपली रीत. एखाद्या हयात चित्रकाराचे चित्र पैसे मोजून घ्यावे आणि मग मढवावे, हे मात्र सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. १९४०च्या दशकात मुंबईतही ते मोजक्यांच्याच डोक्यात येई. ही सवय लावायला ज्यांनी खटपट केली, त्यांत केकू गांधी आघाडीवर होते. गंमत अशी की, मुळात तेही फ्रेमवालेच!

१९२० साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ केंब्रिजला शिकायला गेले. दुसरे महायुद्ध आडवे आले आणि शिक्षण अर्धवट राहिले. १९४१ मध्ये एका बेल्जियन गृहस्थाच्या साथीने त्यांनी चौकटीच्या पट्ट्या बनवायचा धंदा काढला. नाव केमोल्ड, दुकान प्रिन्सेस स्ट्रीटवर. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर हे नाझींमुळे देश सोडून आलेले ऑस्ट्रियन. नव्या चित्रकार पोरांची चित्रे दुकानाच्या दर्शनी काचेत लावायची कल्पना त्यांचीच. नमुन्याची चौकट नाहीतरी टांगायचीच, मग ती रिकामी कशाला? अशी आरा, रझा, हुसेन यांची चित्रे रस्त्यावरच्या माणसाला दिसू लागली. हुसेन तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, जन्म पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी दिवस काढले होते.

जहांगीर कलादालन १९५२ मध्ये उभे राहिले, त्यामागच्या धडपडीतही गांधी होते. १९६३ मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी पत्नी खोर्शेद यांच्यासह गॅलरी केमोल्ड उघडली. चित्रविक्रेता म्हटले की आपल्याला दलाल आठवतो. पण दलाल खपणारा माल उचलतो. यांनी बडोद्यात हिशेबनिसाची नोकरी करत चित्रे काढणाऱ्या भूपेन खख्खर यांच्यासारख्यांना जागा दिली, आणि गॅलरीची तूट भरून निघाली ती फ्रेमच्या धंद्यातून. मला हा व्यवहार कुठल्याही कलाप्रेमाच्या भाषणापेक्षा मोठा वाटतो.

मुंबईतल्या १९९२-९३च्या दंगलींनंतर वांद्र्यात सलोख्याच्या कामाला ते वयाची सत्तरी उलटल्यावर उतरले. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली, १० नोव्हेंबर २०१२ रोजी ते गेले. गॅलरी २००७ मध्ये फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडला हलली. ती चालवतात त्यांची कन्या शिरीन.