मामाच्या चेहऱ्यावरचं गवत

लोणावळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भुशी डॅम, गरमागरम भजी, चिक्कीची पाकिटं आणि परत येताना एक्स्प्रेस वेवरचा ट्रॅफिक जॅम. माझ्याही डोळ्यांपुढे हेच यायचं. आता मात्र लोणावळा लोकल तळेगावच्या पुढे गेली की माझी नजर आधी रुळांच्या कडेला जाते. गाजरासारखी कातरलेली पानं आणि वर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. तुम्हीही ते हजारदा पाहिलं असेल. ऑफिसच्या पार्किंगमागे, अर्धवट बांधलेल्या टॉवरखाली, कचराकुंडीजवळ. गाजरगवत. आमच्या आजीच्या भाषेत काँग्रेस गवत, कारण लांबून ती फुलं म्हणे पांढऱ्या टोप्यांसारखी दिसतात.

नाणे मावळात माझा मामा राहतो. दीड एकर भात, दोन म्हशी आणि गावभर मैत्री. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर त्याच्या पापण्या सुजल्या, मान लाल झाली, कोपराच्या घड्यांत खाज सुटली. जवळच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाची ॲलर्जी आहे. टोपी घाला, ही गोळी घ्या. मामा टोपी घालून शेतात जायला लागला आणि खाज वाढतच गेली.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. बग शोधणं हा माझा धंदा. पण मामाच्या चेहऱ्यावरचा बग सापडायला आम्हाला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं एक वर्ष चक्क माझ्यामुळे वाया गेलं. झालं असं, की ऑफिसमधली एक मैत्रीण कुठल्याही पुरळावर एक ट्यूब लावायची. केमिस्ट ती न विचारता द्यायचा. मीही नेली मामासाठी. चार दिवसांत चेहरा स्वच्छ! मामी म्हणाली, "बघा, भाचीनं काय औषध आणलं!" मी सॉलिड खूश. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, ॲण्टिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र होतं, हे मी कधी वाचलंच नाही. लावणं थांबवलं की खाज दुप्पट होऊन परत. मग पुन्हा ट्यूब. वर्षभरात मामाच्या गालांची कातडी पातळ, लालभडक झाली आणि कपाळाची मात्र जाड, काळी, सुरकुतलेली. (अशी १४ स्टेरॉइड मलमं सरकारने २०१८ मध्ये 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जरा मागून बघा.)

खरा त्रास खाजेचा नव्हताच. गावात कुजबुज सुरू झाली. त्या जाड कपाळाकडे बघून कुणीतरी 'महारोग' हा शब्द उच्चारला. एका लग्नात मामा मांडवाच्या टोकाला, एकटाच खुर्ची घेऊन बसलेला मी पाहिला. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जाऊन बसले तर म्हणाला, "पोरी, तू नको बसूस इथं. लोकं बघत्यात."

त्या सोमवारी रजा टाकली आणि त्याला पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी काही विचारण्याआधी मामाची हनुवटी वर केली, मग कान पुढे दुमडले, मग डोळे मिटायला लावले. "ऊन हनुवटीखाली पोचतं का? कानामागे? पापणीच्या घडीत?" आम्ही गप्प. "तिथेही पुरळ आहे. म्हणजे हे उन्हाचं नाही, हवेतून येणाऱ्या कशाचं तरी आहे. शेताजवळ गाजरगवत आहे का?"

मामा हसला. "शेताजवळ? म्याडम, शेजारचा अख्खा प्लॉट त्येचाच हाय."

संशय खरा की खोटा हे पॅच टेस्टने कळतं. पण टेस्टआधी आधीची आग शमवावी लागते, त्यात दोन महिने गेले. मग पाठीवर छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक वाटीत एकेक संशयित: गाजरगवताचा अर्क, निकेल, रबरातली रसायनं, अत्तरातले घटक. ४८ तास आंघोळ नाही, घाम नाही, वजन उचलणं नाही. म्हशींची धार काढणाऱ्या माणसाला हे सांगून बघा! दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा बघितलं. एकाच वाटीखाली लाल, फोडांचं वर्तुळ उठलं होतं. गाजरगवत.

बाईंनी समजावलं ते असं. या गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. झाड वाळलं की त्याच्या बारीक लवीचा आणि पानांचा चुरा हवेत उडतो आणि उघड्या त्वचेवर बसतो. त्वचेतल्या पांढऱ्या पेशी एकदा का त्याला 'शत्रू' म्हणून ओळखू लागल्या, की विसरत नाहीत. प्रत्येक भेटीनंतर एक-दोन दिवसांनी हल्ला. शिंका किंवा पित्त उठतं ती ॲलर्जी वेगळी, ही वेगळी, म्हणून सर्दीच्या ॲलर्जीची गोळी इथे फारशी चालत नाही. आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला अजिबात लागत नाही. हे शेवटचं वाक्य मी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं, मामीला ऐकवायला.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) या गवताची भारतातली गोष्ट आपल्या पुण्यातूनच सुरू होते. १९५५ मध्ये पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ते आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांना दिसलं आणि १९५६ मध्ये त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याची नोंद केली. अमेरिकेच्या 'पीएल ४८०' गव्हातून ते आलं असं आपण सगळेच ऐकत आलोय. पण तो करार भारताने केला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत त्याआधीच हजर होतं! १९६८ मध्ये पुण्याच्या लोणकर आणि जोग या डॉक्टरांनी या गवतामुळे झालेल्या त्वचारोगाची केस प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये लोणकरांनी व्हँकूव्हरचे मिचेल आणि लंडनचे कॅलनन यांच्यासोबत यावर सविस्तर निबंध लिहिला. म्हणजे हा आजार पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातच ओळखला गेला होता, आणि पुण्यापासून लोकलने तासाभराच्या गावात माझा मामा टोपी घालून ऊन चुकवत होता. मला राग आला तो याचा.

उपचारांवर बरंच काम दिल्लीच्या 'एम्स'मध्ये झालंय. स्टेरॉइडच्या गोळ्या कायम घेता येत नाहीत, त्यामुळे ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं जुनं औषध तिथे वापरून पाहिलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज गोळी आणि आठवड्यातून एकदाच मोठा डोस अशी तुलना केली. दोन्ही गटांत चांगला फरक पडला. आठवड्याचा डोस स्वस्त आणि लक्षात ठेवायला सोपा. मामा आता दर रविवारी घेतो, त्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे. पण ठराविक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, कारण हे औषध यकृत आणि पांढऱ्या पेशींवर उतरू शकतं. माझ्या ट्यूबसारखं मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे द्यायचं हे औषध नव्हे.

मामाचं कपाळ बरंचसं उजळलंय. पापण्या मऊ झाल्यात. शेवंती मात्र वर्ज्य, कारण ती याच कुळातली आणि त्वचेला फरक कळत नाही. दसऱ्याला मामी झेंडूच्या फुलांनाही हात लावू देत नाही, तिची स्वतःची जादा खबरदारी. शेतावर तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि आल्या आल्या तोंड-हात धुऊन कपडे बदलतो.

पण शेजारचा प्लॉट आहे तिथेच आहे. कधीकाळी तीही भातखाचरंच होती. आता तारेचं कुंपण, 'एनए प्लॉट्स'ची पाटी आणि आत, जमीन उकरून सोडून दिल्यामुळे, कमरेएवढं गाजरगवत. मालक वीकेण्ड होम बांधणारेत, कधीतरी. एका झाडाच्या हजारो बिया पडतात, म्हणून ते फुलायच्या आधी मुळासकट उपटायचं असतं, ग्लोव्ह्ज घालून. पावसाळ्यात त्यावर मेक्सिकन भुंगे दिसतात. १९८४ मध्ये मुद्दाम आणलेले, पानं अगदी जाळीसारखी खातात. बाजूला टाकळा माजला तरी गाजरगवत मागे हटतं, शिवाय टाकळ्याची भाजी मिळते ती वेगळीच.

गेल्या ऑगस्टमध्ये ऑफिसमधले आम्ही सहाजण ग्लोव्ह्ज, मास्क घेऊन गेलो. मामाला घरात बसवलं होतं. वॉचमनने गेट अडवलं. "सायबांना इचारल्याशिवाय न्हाई." मी पाटीवरचा नंबर लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. हळू आवाजात म्हणाले, "गवत? तिथे लॉन लावलंय का कुणी?"

मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.