यंत्राने सुचवलेला धडा

शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा २०१० नंतरच्या दशकात संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याबद्दल नावाजली गेली. २०१७ साली केंद्र सरकारने ‘दीक्षा’ ही सोय सुरू केली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. कोडवर फोन धरला की त्या पाठाची चित्रफीत दिसते. येथे काय पाहायचे हे पुस्तकच ठरवते. परंतु काही ॲप विद्यार्थ्याने आधी काय पाहिले, कोणते उदाहरण चुकले, यावरून ‘आता हे पाहा’ असे स्वतःच सुचवतात. ही सूचना चांगली की वाईट, हे कसे ओळखावे?

एक रीत अशी : जुन्या नोंदींपैकी काही झाकून ठेवायच्या व यंत्राला त्या ओळखायला लावायच्या. २००६ साली नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने अशीच स्पर्धा लावली. प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेल्या १० कोटींहून अधिक पसंतीच्या नोंदी स्पर्धकांना दिल्या, आणखी काही झाकून ठेवल्या. अंदाजातील चूक १० टक्क्यांनी कमी करणाऱ्यास बक्षीस १० लाख डॉलर! ते २००९ मध्ये दिले गेले.

चित्रपटांना हे ठीक. पण समजा, मुरबाडच्या एका मुलीला भागाकार जमत नाही म्हणून ती बेरजेच्या सोप्या चित्रफिती पाहते. यंत्र आणखी एक बेरीज सुचवते; ती तीही पाहते. अंदाज अचूक ठरला, भागाकार मात्र होता तेथेच! त्यातून घरातला एकच फोन तीन भावंडे वापरत असली, तर यंत्राला पहिलीचा आणि सातवीचा मिळून एकच चमत्कारिक विद्यार्थी दिसतो.

म्हणून खरी कसोटी निराळी. समजा, ६० मुलांची भागाकाराची चाचणी घेतली आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. चिठ्ठ्याच का? मुलांनाच गट निवडू दिला, तर हौशी मुले यंत्राकडे धावतील आणि त्यांच्या मेहनतीचे श्रेय यंत्राला मिळेल. एका गटाला यंत्राने धडे सुचवावेत, दुसऱ्याने पुस्तकाच्या क्रमाने जावे. वेळ दोघांना सारखाच. महिन्याने पुन्हा चाचणी. दोन्ही गटांची सरासरी ४ गुणांनीच वाढली, तर यंत्राची भर शून्य! पहिल्या गटाची ७ गुणांनी वाढली तरी सुरुवातीला सर्वांत मागे असलेल्या मुलांचे गुण वेगळे तपासावेत. त्यांना काहीच न मिळता सरासरी चढू शकते.

पाड्यावरच्या लहान शाळेत ६० मुले कोठून आणायची? तेथे अनेक शाळा एकत्र घ्याव्या लागतात. पाच-सहा मुलांच्या गटात एकाला चाचणीच्या दिवशी ताप आला, तरी सरासरी पार बदलून जाते.