गाडीची गाळणी

दोस्तांनो, गाळणी चोंदली की चहा वरच तुंबतो. मोटारीत मात्र उलटं होतं!

नायगावहून हैदराबादकडे धावणारी पेट्रोल-डिझेलची छोटी गाडी घ्या, नाहीतर १९८३ साली आलेली मारुती ८००. इंजिनच्या ऑईल फिल्टरमधला घड्यांचा कागद काजळी अन् धातूचा कीस अडवतो. तो चोंदला, की एक झडप उघडते. ऑईलविना इंजिन जाम होईल ना! पण मग घाण ऑईल तसंच आत जातं, इंजिन झिजतं, अन् गाडी मुकाट पळत राहते.

म्हणून ऑईलबरोबर फिल्टरही बदलायचा. काम मोठ्यांचं, पण लक्ष तुम्ही ठेवा : जुनं रबरी कडं निघालं का? नव्याला ऑईलचं बोट लावलं का? काळं ऑईल नालीत तर ओतलं नाही ना?

अन् बाबांना विचारा, आपला फिल्टर कधी बदलला?