उंच स्टूल, बुटका ओटा

कोल्हापुरात ताराबाई पार्क असो की रुईकर कॉलनी, नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंत असतेच असं नाही. तिच्या जागी ग्रॅनाइटचा कट्टा येतो आणि कट्ट्यापाठोपाठ उंच स्टुलं येतात, सपाट खोक्यातून, सुट्या भागांत. त्यांच्याबरोबर फुकटात येतात ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची ठाम मतं.

गैरसमज : बार स्टूल म्हटलं की माप एकच.

सगळ्यात महागात पडतो तो हा. बाजारात मुख्यतः दोन उंच्या मिळतात. 24 ते 26 इंचांची बैठक 36 इंची कट्ट्यासाठी असते आणि 29-30 इंचांची 42 इंची बार काउंटरसाठी. ही मापं बाहेरच्या घरांवरून आली. आपल्याकडे ओटा 32 ते 34 इंचांवर घेतात, कारण भाजी चिरणाऱ्या, कणीक मळणाऱ्या बाईच्या कोपराला तो बरा पडतो. गवंडी पुढचा कट्टाही त्याच पातळीत ओढून मोकळा होतो. तिथं 30 इंची स्टूल ठेवलं की मांड्या आणि ग्रॅनाइट यांच्यात हात शिरायलाही जागा उरत नाही. बैठकीपासून कट्ट्यापर्यंत दहा-अकरा इंच हवेत. म्हणजे 33 इंची कट्ट्याला 22-23 इंची बैठक लागते, आणि नेमकी तीच दुकानात सहसा नसते. खाली-वर होणारी स्टुलंही बहुतेकदा तेवढी खाली येत नाहीत.

मग पाय कापायचे? लाकडी पाय कापता येतात, पण ते तिरपे पसरलेले असतील तर काप जमिनीला समांतर द्यावा लागतो. पायाला काटकोनात काप दिला तर स्टूल पायांच्या कडांवर उभं राहतं. त्याहून स्वस्त उपाय एकच : आधी टेप लावा, मग ऑर्डर टाका.

मापाचं दुसरं अंग खाली असतं. ओट्याखाली ट्रॉल्या कडेपर्यंत आलेल्या असतात आणि ग्रॅनाइट जेमतेम इंचभर पुढं असतं. तिथं बसलं की गुडघे ट्रॉलीवर आपटतात आणि ताट हाताच्या अंतरावर राहतं. गुडघ्यांसाठी कट्टा दहा-बारा इंच पुढं काढलेला हवा. माणशी दोन फूट रुंदी धरली तर सहा फुटी कट्ट्याला तीन स्टुलं बसतात. चारचा सेट सवलतीत मिळाला म्हणून कट्टा लांब होत नाही.

गैरसमज : सुटं फर्निचर ही कालपरवाची परदेशी टूम.

परदेशी खरी, पण कालपरवाची नव्हे. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने 1859 साली वाफेवर वाकवलेल्या लाकडाची 14 नंबरची खुर्ची काढली. सहा भाग आणि दहा स्क्रू. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत, आणि ती पेटी जगभर जाई. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत आपण ज्या गोल पाठीच्या खुर्च्यांवर बसून बनमस्का खाल्ला, त्या याच घराण्यातल्या. स्वीडनच्या आयकियाने हा धंदा 1956 पासून वाढवला. तिचं भारतातलं पहिलं दुकान 2018 मध्ये हैदराबादला उघडलं, नवी मुंबईतलं 2020 च्या डिसेंबरात.

गैरसमज : मिस्त्री बोलवून मशीनने आवळलं की कायमचं पक्कं.

उलट होतं. लाकडात बसवलेल्या धातूच्या चाकीत बोल्ट जातो. ड्रिल मशीनचा जोर लागला की ती चाकी लाकडातच गरगर फिरते, आणि मग तो जोड कधीच आवळत नाही. खोक्यातला एल आकाराचा एलन पाना लहान असतो तो कंजूषपणाने नाही. हाताचा जोर बेताचाच लागावा म्हणून.

डुगडुगण्याचं मूळही इथंच असतं. पहिला बोल्ट घट्ट आवळला की पाय किंचित वाकडा बसतो, आणि पुढचे तिन्ही बोल्ट त्या वाकडेपणाला धरून चालतात. म्हणून सगळे बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे चढवायचे. स्टूल सपाट फरशीवर उभं करायचं, घरातल्या कुणाला तरी वर बसवायचं, आणि मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. आडव्या भोकात घालायची नळीसारखी चाकी असेल तर तिच्या तोंडावरची खाच बघावी. ती खाच बोल्टच्या दिशेला आली की आतलं भोक समोर येतं. हे कळलं नाही की लोक अर्धा तास बोल्ट ढोसत बसतात आणि शिव्या कंपनीला देतात.

एवढं करूनही डुगडुगलं तर फरशी तपासा. चार पायांना सपाट जमीन लागतेच. तिपाई डुगडुगत नाही, मात्र कडेला रेललं की कलंडते. घरात पोरं असतील तर ती नकोच.

गैरसमज : एकदा जोडलं की विषय संपला.

कोल्हापूरच्या हवेत नाही. जून ते सप्टेंबर लाकूड ओल पिऊन फुगतं आणि वायसरखाली दबतं. फेब्रुवारीपासून ते सुकून आकसतं, की बोल्ट ढिला. पहिल्या महिन्यानंतर एकदा आणि मग दर उन्हाळ्यात एकदा पाना फिरवावा. पाना टेपपट्टीने बैठकीखालीच चिकटवून ठेवा.

लाकूड कुठलं, यावरही वाद असतो. रबरवूड म्हणजे रबरी किंवा नकली लाकूड नव्हे. चीक आटलेल्या रबराच्या झाडांचं ते खरंखुरं लाकूड, केरळात मुबलक मिळणारं. ओल आणि वाळवी मात्र त्याला सोसत नाही. पार्टिकल बोर्डची गत आणखी वाईट : एकदा पाणी पिऊन फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरांत ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज : गॅसचं स्टूल फुटतं.

खाली-वर होणाऱ्या स्टुलाच्या नळकांड्यात असतो तो नायट्रोजन, स्वयंपाकाचा गॅस नव्हे. तो पेट घेत नाही. स्टूल हळूहळू खाली बसायला लागलं म्हणजे सील झिजलं. नळकांडं बदलायचं, त्याला भोक पाडणं किंवा आच देणं मात्र धोक्याचं. आणि नळकांडं-बैठक जोडायला बोल्ट सापडत नाही म्हणून घाबरू नका, ते बसणाऱ्याच्या वजनानेच घट्ट बसतं.

गैरसमज : बोल्ट हरवला की स्टूल मोडीत.

निदान या गावात तरी असं म्हणू नये. बहुतेक स्टुलांना सहा एमएमचा बोल्ट असतो आणि तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फक्त पाव इंची बोल्ट दिसायला तसाच असतो, दोन आटे चढतो आणि अडकतो. तिथं जोर लावला तर चाकीचे आटे गेलेच. म्हणून दुकानदार आधी विचारतो, "नमुना आणलाय काय?" शेजारचा बोल्ट काढून खिशात घालून न्यावा. चाकीचेच आटे गेले असतील तर उद्यमनगरात लेथवर नवी चाकी करून मिळते.