फिटच्या गोळीवरचा ‘आशियाई’ इशारा

कार्बामाझेपिन हे फिट्ससाठी आणि चेहऱ्याच्या नसेच्या असह्य कळांसाठी वापरले जाणारे जुने, स्वस्त औषध. त्याच्या माहितीपत्रकात आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी एक इशारा असतो. तो वाचून नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, मग हे आपल्याला चालत नाही का?”

बहुतेकांना चालते. पण फार थोड्या रुग्णांमध्ये या गोळीमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो. तोंड आणि डोळे सोलवटतात, अंगावर फोड येऊन कातडी निघते, जीवही जाऊ शकतो. औषध १९६० च्या दशकापासून बाजारात आहे. मात्र या त्रासाशी एचएलए-बी १५:०२ या जनुकप्रकाराचा संबंध २००४ साली, तैवानमधल्या हान चिनी रुग्णांमध्ये सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत हा प्रकार जवळपास नसतोच. ज्यांच्यावर औषध तपासायचे त्यांच्यात धोकाच नसेल, तर तो दिसणार कसा? औषध जगभर विकायचे असेल तर चाचण्यांतही जगभरचे लोक हवेत, हा मुद्दा म्हणूनच न्यायाचा आहे.

२००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी जनुक तपासणी करायला सांगितले. पुढे तैवानमध्ये ४,८७७ जणांची तपासणी झाली. ७.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले, त्यांना हे औषध दिले नाही. आधीच्या प्रमाणानुसार सुमारे १० जणांना हा आजार व्हायला हवा होता. एकालाही झाला नाही.

तरीही ‘आशियाई’ हा शब्द मला ढोबळच वाटतो. हा जनुकप्रकार जपान-कोरियात एक टक्क्याहून कमी लोकांत, थायलंड-मलेशियात बराच जास्त, भारतीयांत सरासरी २ ते ४ टक्के आणि समाजागणिक वेगळा. पासपोर्ट किंवा चेहरा पाहून तो कळत नाही. रक्ताच्या तपासणीतून कळतो. शिवाय तो असलेल्या बहुतेकांनाही हा आजार होत नाही.

गोळी नव्याने सुरू होणार असेल तर या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. काही महिने विनात्रास घेत असाल तर हा धोका आता खूप कमी आहे. घाबरून स्वतःहून बंद करू नका, एकदम थांबवल्यास फिट्स वाढू शकतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले, तर मात्र पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. रिपोर्ट निगेटिव्ह असला तरीही.