हृदयातली झडप, रोजची गोळी आणि घरच्यांची नजर

हृदयाची झडप बदलून माणूस सुखरूप घरी आला की सारे घर सुटकेचा श्वास टाकते. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, बोललेले नवस फेडले जातात आणि मग जो तो आपापल्या कामाला लागतो. औषधांच्या पिशवीतल्या गोळ्या हळूहळू कमी होतात. एक गोळी मात्र राहते. रक्त पातळ ठेवणारी गोळी म्हणून ती ओळखली जाते. वर्ष-दोन वर्षे गेली, माणूस शेतात राबू लागला, की घरात कोणीतरी विचारतेच, "आता तर ठणठणीत आहे, मग ही गोळी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. कारण ते ठाऊक नसल्याने बरी झालेली माणसे पुन्हा संकटात सापडतात.

गोळी कशासाठी?

लहानपणी घसा सुजतो, ताप येतो आणि काही मुलांना पाठोपाठ सांधेताप होतो. या सांधेतापाचा मार हृदयाच्या झडपांवर बसतो. त्या आक्रसतात किंवा गळू लागतात. आपल्याकडे तरुण वयात झडप बदलावी लागते, ती बरेचदा यामुळे. बदलून घातलेली झडप दोन प्रकारची असते. एक जनावराच्या ऊतीपासून केलेली. ती काही वर्षांनी झिजते. दुसरी यंत्राची, ती दीर्घकाळ टिकते. आपल्या देशात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने अशी यंत्राची झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली.

यंत्राची झडप टिकाऊ खरी, पण शरीराला ती परकीच. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. गुठळी धरली तर झडप अडकते, किंवा गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जातो आणि अर्धांगवायू होतो. ते होऊ नये म्हणून ही गोळी, आणि झडप आहे तोवर ही गोळी. माणूस ठणठणीत दिसतो तो गोळी चालू आहे म्हणूनच.

गोळीचा जन्म गोठ्यात

या गोळीची हकीकत शेतकऱ्यांना जवळची वाटावी अशी आहे. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेत गुरे एकाएकी रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले, की रक्त थांबेना. स्वीट क्लोव्हर नावाचा वैरणीचा चारा ओला राहून बुरसला होता आणि तोच गुरांनी खाल्ला होता. १९३३ साली विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचे न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठात गेला. तिथल्या कार्ल लिंक या शास्त्रज्ञाने पुढे काही वर्षांत त्या चाऱ्यातले द्रव्य शोधून काढले. त्यातूनच वॉरफरिन निघाले. ते १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ साली माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. आज आपल्याकडे वॉरफरिन किंवा त्याच जातीचे असिनोकुमारोल दिले जाते.

म्हणजे जे द्रव्य जास्त झाले तर जीव घेते, तेच मापात दिले तर जीव राखते. सगळा प्रश्न मापाचा आहे.

माप कसे कळते?

हे माप रक्ताच्या तपासणीने कळते. तिला आय. एन. आर. म्हणतात. गोळी न घेणाऱ्याचा आकडा १ च्या आसपास असतो. यंत्राची झडप असलेल्यांना तो बहुधा २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ या दरम्यान ठेवायला सांगतात. कोणती झडप, कोणत्या जागी, यावर ते ठरते. आकडा खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे. सुरुवातीला तपासणी वरचेवर करावी लागते; आकडा स्थिरावला की डॉक्टर अंतर वाढवतात. पेरणी आहे, सुगी आहे, म्हणून तपासणी पुढे ढकलू नये.

गोळी रोज ठरल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी घ्यावी आणि घेतल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. एखादे दिवशी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊन भरपाई करू नये. दुकानातून आणताना नुसता रंग पाहू नका, किती मिलिग्रॅमची आहे ते वाचून घ्या.

भाजीपाला आणि औषधे

ही गोळी शरीरातल्या के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, आणि ते हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. पावसाळ्यात बांधावर मिळेल ती भाजी रोज ताटात येते, उन्हाळ्यात पालेभाजी दिसत नाही. अशा चढउताराने आकडाही हलतो. म्हणून मेथी, पालक, शेपू, चाकवत सोडायची गरज नाही. दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खावी एवढेच. लांबलेले उपवास आणि दारू यांनीही माप बिघडते.

याहून मोठा धोका दुसऱ्या औषधांचा. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून घेऊ नका. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारख्या औषधांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. जुलाबावरच्या मेट्रोनिडॅझोलसारख्या काही औषधांनी आकडा चढतो, तर क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने तो उतरतो. काढे आणि जडीबुटीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. कमरेवर किंवा दंडावर सुई टोचून घेण्याची आपल्याकडे फार हौस. अशा माणसाला त्या जागी आत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते.

शेजाऱ्याला तपासणी न लागणारी नवी गोळी दिली आहे, तीच आपणही घ्यावी, असेही मनात येते. यंत्राच्या झडपेला ती चालत नाही. डॅबिगॅट्रान या नव्या औषधाचा अशा रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त दिसल्याने तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता.

दात काढायचा आहे, पेसमेकर बसवायचा आहे

दात काढायचा म्हणून चार दिवस गोळी बंद ठेवायची, हा सल्ला पुष्कळजण सहज देतात. तो मानू नका. बहुतेक वेळा आकडा पाहून, गोळी चालू ठेवूनच दात काढता येतो. दंतवैद्यांना झडपेविषयी आधी सांगावे, कारण झडपेला जंतूंची लागण होऊ नये म्हणून त्यांना आधी प्रतिजैविक द्यावे लागते.

काहींना पुढे पेसमेकरही बसवावा लागतो. तो गळ्याखालच्या हाडाजवळ कातडीखाली ठेवतात आणि गोळी चालू असणाऱ्यांना तिथे रक्त साकळून सूज येऊ शकते. पूर्वी यासाठी गोळी थांबवून हेपॅरिनची इंजेक्शने देत. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१३ साली दाखवून दिले, की तसे केल्यावर शंभरात सोळा जणांना मोठी सूज आली, तर गोळी चालूच ठेवली तेव्हा शंभरात तीन-चार जणांनाच. गोळी थांबवायची की नाही हे हृदयरोगाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. सूज आलीच तर ती शेकू नये, चोळू नये आणि सुईने कोणाकडून काढून घेऊ नये. सुईवाटे जंतू आत शिरतात. सूज वाढत असेल, ताणली असेल, लाल किंवा गरम झाली असेल तर पेसमेकर बसवला त्या रुग्णालयात जावे.

घरच्यांनी ओळखायच्या खुणा

रक्त जास्त पातळ झाल्याच्या खुणा: हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारे रक्त, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, लाल लघवी, डांबरासारखी काळी शौच, पाळीत नेहमीपेक्षा फार जास्त रक्तस्राव.

गुठळी झाल्याच्या खुणा: एकाएकी धाप, झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंद होणे किंवा न ऐकू येणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, एखादा पाय अचानक थंड पडून दुखणे. यात वाट पाहायला वेळ नसतो. १०८ वर फोन करून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

विळा लागला तर स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावे, मधून मधून उघडून पाहू नये. जखमेत राख, तंबाखू भरू नये. बैलाने मारले, झाडावरून किंवा गाडीवरून पडून डोक्याला मार बसला, तर वरून जखम दिसत नसली तरी रुग्णालय गाठावे, कारण आत रक्तस्राव होऊ शकतो. साप चावला तर गोळीचे नाव आधी सांगावे, कारण तिथेही रक्त गोठते की नाही हेच पाहतात. ताप दोन-तीन दिवस उतरत नसेल तर गावातच प्रतिजैविक घेऊ नये. झडपेला लागण झाली आहे का, हे आधी रक्ताच्या तपासणीने पाहावे लागते.

सुनांबद्दल आणि लेकींबद्दल आवर्जून सांगायचे. झडप बदललेल्या तरुण स्त्रीने दिवस जाण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ही गोळी गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाधू शकते, आणि बंद केली तर आईच्या जिवाला धोका. पाळी चुकताच तिने सांगायला हवे आणि सासरच्यांनी तिला तेवढे मोकळेपण द्यायला हवे.

शेवटी एक सोपे काम आजच करावे. एका जाड कागदावर माणसाचे नाव, झडप कोणती व कधी बसवली, गोळीचे नाव, मात्रा, शेवटचा आय. एन. आर. आणि डॉक्टरांचा फोन लिहावा. तो कागद त्याच्या खिशात किंवा तिच्या बटव्यात कायम असू द्यावा. दुसरी प्रत गोळ्यांच्या डब्यात ठेवावी आणि घरातल्या शाळकरी मुलांनाही ती कुठे आहे हे दाखवून ठेवावे.