घरांतील कचेरी आणि जाळीची खुर्ची

इ. स. 2020 च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी आली आणि कचेरी घरांत शिरली. ती टाळेबंदी उठल्यावरहि पुष्कळ घरांतून पुरती बाहेर पडली नाहीं. आमच्या घरचेंच पाहा. चिरंजीव आठवड्यांतून तीन दिवस घरूनच काम करतात व सूनबाई तर पांचहि दिवस. ज्या घरांत एकेकाळीं आरामखुर्ची वडिलांची, पाट जेवणाचा आणि सतरंजी बाकी सर्वांची, एवढ्या व्यवस्थेवर भागत असे, तेथें आतां आठ आठ तास खुर्चीवर बसणारीं दोन माणसें आहेत. तेव्हां हा विषय गृहव्यवस्थेंत किरकोळ राहिलेला नाहीं, व तो वाचकांपुढें मांडण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं.

गेल्या वर्षीं चिरंजीवांकरितां आम्हीं सुमारें सात हजार रुपयांची जाळीच्या पाठीची खुर्ची आणली. ह्या जातीच्या खुर्च्यांना नांव मिळवून दिलें तें अमेरिकेंतील 'एरॉन' ह्या खुर्चीनें. बिल स्टम्फ व डॉन चॅडविक ह्या रचनाकारांनीं हर्मन मिलर कंपनीकरितां आखलेली ही खुर्ची 1994 सालीं बाजारांत आली. तिच्यांत गादी मुळींच नव्हती. पाठ व बैठक दोन्ही ताणलेल्या जाळीच्या होत्या. शिवाय ती लहान, मध्यम व मोठी अशा तीन मापांत मिळे. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें निघालेल्या बहुतेक स्वस्त खुर्च्यांनीं जाळी तेवढी उचलली; मापें मात्र सोडून दिलीं.

जाळीचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत रेक्झिनच्या पाठीला टेकून तासभर बसलें कीं सदरा अंगास चिकटतो. जाळींतून वारा खेळतो. चिरंजीवांची उंची पांच फूट नऊ इंच. त्यांना खुर्ची पहिल्या दिवसापासून मानवली, आणि आम्हींहि आपल्या निवडीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सूनबाई मात्र जेवणाच्या मेजापाशीं लांकडी खुर्चीवर बसून काम करीत. चार महिन्यांनीं त्यांची कंबर दुखूं लागली. चिरंजीव कचेरींत जातील त्या दिवशीं त्यांनीं नव्या खुर्चीवर बसावें, असा तोडगा आम्हीं मोठ्या उदारपणें काढला. दुखणें कमी होण्याऐवजीं वाढलें. सवय नाहीं, होईल हळूहळू, असें घरांतील वडीलधारी मंडळी म्हणूं लागली. अखेर एके दिवशीं सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "बाबा, खुर्ची चांगलीच आहे, पण ती ह्यांच्या मापाची आहे."

तेव्हां कोठें आम्हीं शिंप्याची फीत हातीं घेतली. सूनबाईंची उंची पांच फूट. गुडघ्यामागील खळगीपासून टांचेपर्यंतचें अंतर पंधरा इंच. खुर्चीची बैठक अगदीं खालीं आणली तरी जमिनीपासून अठरा इंच. म्हणजे पाय अधांतरीं राहणार. ते टेकावेत म्हणून माणूस पुढें सरकून कडेवर बसतो, आणि मग कंबरेचा तो प्रसिद्ध आधार मागें वीतभर दूर राहून शोभेपुरताच उरतो! मागें सरकून बसावें तर बैठकीची कड पोटरीला रुतते. दोष खुर्चीचा होताच. पण ती घेतांना आम्हीं सूनबाईंना एकदांहि तीवर बसून पाहावयास सांगितलें नव्हतें, हा दोष आमचा होता.

तात्पुरता उपाय घरांतच सांपडला : पायांखालीं पाट आणि पाठीमागें घट्ट लहान उशी. मेज एकोणतीस-तीस इंच उंच असल्यानें खुर्ची नुसती खालीं करून भागत नाहीं. तसें केल्यास खांदे वर चढतात. म्हणून खुर्ची मेजाच्या बेतानें ठेवावी व पायांना आधार द्यावा, हें बरें. पुढें दोन महिन्यांनीं सूनबाईंनीं स्वतः दुकानांत जाऊन, बसून पाहून, दुसरी खुर्ची पसंत केली. तिची बैठक सोळा इंचांपर्यंत उतरते व तिची खोलीहि कमी आहे. डोकें टेकण्याचा भाग तिला नाहीं, आणि किंमतहि पहिलीपेक्षां कमीच पडली. उरलेल्या इंचाकरितां पाट अजून आहे. दुखणें एका दिवसांत गेलें नाहीं. परंतु आतां संध्याकाळीं त्यांना कंबर धरून उठावें लागत नाहीं.

खुर्ची घेऊं इच्छिणारांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. पाउलें जमिनीवर सपाट टेकलीं पाहिजेत, आणि पाठ टेकून बसलें असतां बैठकीची कड व गुडघ्याची खळगी ह्यांत दोन-तीन बोटें जागा राहिली पाहिजे. कंबरेचा आधार वरखालीं सरकणारा असावा. हात एकाच उंचीचे पक्के बसविलेले असले तर ते मेजाला अडतात कीं काय तें पाहावें. जाळी मुठीनें दाबून पाहावी. ती सैल पडून राहिली तर परत फिरावें. स्वस्त खुर्चींत बैठकीलाहि जाळीच हवी असा हट्ट नको. चांगल्या फोमची बैठक पुष्कळदां अधिक टिकते. पायथा पांच पायांचा असावा. घरीं पोंचती होणारी खुर्ची मागविल्यास परत करण्याची मुदत आधीं वाचावी, आणि त्या मुदतींतच तीवर पुरे दोन दिवस काम करून पाहावें.

शिवाय संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीस नसेल तर उत्तम खुर्चीवरहि मान वांकतेच. लॅपटॉपखालीं जाड ग्रंथ रचून कळफलक वेगळा जोडावा. अर्ध्या तासानें उठून चार पावलें चालावें; कोणतीहि खुर्ची हें काम आपल्याकरितां करीत नाहीं.

एकत्र कुटुंबांत वस्तु सर्वांची असते, व तें योग्यच आहे. परंतु खुर्ची सर्वांची असली तरी पाठ ज्याची त्याची असते. म्हणून खरेदीस निघण्यापूर्वीं घरांतील काम करणाऱ्या प्रत्येकाचें माप घ्यावें, आणि जें माणूस आपण होऊन कांहीं मागणार नाहीं, त्याचें सर्वांआधीं घ्यावें.